रुग्विनिश्चय आणि जुन्या कागदांतील रोगनामें

जुन्या पोथ्यांच्या संग्रहांत वैद्यकाचें एखादें बाड निघत नाहीं, असें सहसा होत नाहीं. काव्य, पुराण, ज्योतिष व धर्मशास्त्र यांचीं पानें निवडून झालीं म्हणजे मागें काढे, चूर्णें, पथ्यापथ्य व उतारे-तोडगे यांचे कागद उरतात, आणि यादी करणारा त्यांवर 'वैद्यक, किरकोळ' असा शेरा मारून मोकळा होतो. आम्हींही तीसएक वर्षांपूर्वीं असेंच केलें. आजोळाहून आलेल्या एका बाडांत माधवनिदानाचीं कांहीं प्रकरणें बाळबोध अक्षरांत उतरलेलीं होतीं व समासांत बारीक मोडी अक्षर होतें. श्लोक छापील प्रतींत मिळत असल्यामुळें बाडास विशेष मोल आहे असें तेव्हां वाटलें नाहीं. तें विसकटूं लागलें म्हणून बांधणाऱ्याकडे दिलें व 'कडा सारख्या करा' असें सांगितलें. त्यानें सांगितल्याप्रमाणें केलें. तीन बाजूंनीं कडा छाटतांना समासांतील मोडी अक्षर अर्धेंअधिक गेलें. दोष त्याचा नव्हे, आमचा. पुढें उरलेलें अक्षर लावून पाहिलें तेव्हां ध्यानांत आलें कीं, बाड लिहिणारा वैद्य संस्कृत रोगनामासमोर त्याच्या मुलखांत त्या रोगास लोक काय म्हणत तें टिपून ठेवीत होता. श्लोक आज शेंकडों ठिकाणीं आहेत. ते शब्द मात्र होते तेथेंच होते.

प्रस्तुत लेखाचा हेतु इतकाच कीं, रोगाचें नांव ही वस्तु किती ठरीव व किती अस्थिर असते हें दाखवून जुन्या कागदांचा अर्थ लावतांना होणारी एक चूक संशोधकांच्या नजरेस आणावी. बखरींत किंवा पत्रांत रोगाचें नांव आलें कीं, आपण लागलीच त्यापुढें आजच्या डॉक्टरी विद्येंतील प्रतिशब्द बसवितों. तें नांव कोणत्या यादींतलें, त्या यादींत त्याच्या शेजारीं कोणतीं नांवें होतीं व त्याची हद्द कोठें संपत होती, हें विचारीत नाहीं.

आपल्या प्राचीन वैद्यांस ही अडचण पुरी ठाऊक होती. सुश्रुतसंहितेंत व्याधींची संख्या ११२० अशी सांगितलेली आहे. चरकाच्या सूत्रस्थानांतील अष्टोदरीय अध्यायांत आठ उदरांपासून वीस प्रमेहांपर्यंत एकंदर ४८ गटांची मोजदाद आहे, आणि लगेच पुढच्या अध्यायांत वाताचे ८०, पित्ताचे ४० व कफाचे २० विकार सांगितले आहेत. परंतु ही सर्व मोजणी सुरू होण्यापूर्वीं, अष्टोदरीयाच्या अगोदरच्याच अध्यायांत, चरकानें मोठ्या धिटाईनें एक गोष्ट बजावून ठेविली आहे. एखाद्या विकाराचें नांव सांगतां आलें नाहीं म्हणून वैद्यानें लाज बाळगूं नये, कारण सर्व विकारांस नांवानें ध्रुव अशी स्थिति नाहीं. कुपित दोष, त्याचें स्थान व कारण हीं ओळखून उपचारास लागावें. वाग्भटानेंही हें मत स्वीकारलें. म्हणजे नांवें मोजावयाचीं तर खरींच, पण नांवावर सर्वस्वीं विसंबावयाचें नाहीं, असा हा दुहेरी पवित्रा आहे. शाळेंत व्याकरण शिकवितांना आम्हांस याची पुष्कळदां आठवण होत असे. नियमाबरोबर अपवाद शिकविणारा शास्त्रकार तो नियम जास्त जाणतो.

या मोकळेपणास शिस्त लावण्याचें काम इंदुकराचा पुत्र माधवकर यानें केलें. त्याच्या ग्रंथाचें खरें नांव 'रुग्विनिश्चय', म्हणजे रोगांचा निश्चय. 'माधवनिदान' हें लोकांनीं रूढ केलेलें नांव. ग्रंथ बहुतांशीं त्याच्या स्वतःच्या शब्दांचा नव्हे. निरनिराळ्या मुनींचीं वचनें एकत्र करून, ज्यांस मोठीं तंत्रें पाहतां येत नाहींत अशा वैद्यांसाठीं हा संग्रह केला, असें तो आरंभींच सांगतो. चरक, सुश्रुत व वाग्भट यांचे श्लोकच्या श्लोक त्यांत आहेत. एवढ्यावरून कित्येक विद्वान् त्यास केवळ संग्राहक म्हणून बाजूस सारतात. हें मत आम्हांस मान्य नाहीं. त्यानें चिकित्सा सर्वस्वीं वगळली व फक्त रोग कसा ओळखावा एवढेंच ठेविलें. प्रत्येक रोग निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति या पांच वाटांनीं ओळखावयाचा हें पहिल्याच प्रकरणांत ठरवून दिलें, आणि मग ज्वर, अतिसार, ग्रहणी, अर्श, अजीर्ण अशा क्रमानें एकामागून एक रोग लाविले. जे श्लोक चरकांत चिकित्सेच्या पोटांत किंवा सुश्रुतांत उत्तरतंत्रांत विखुरलेले होते, ते त्याच्याकडे आल्यावर लक्षणवाक्यें झाले. आमवात व अम्लपित्त यांस चरक-सुश्रुतांत स्वतंत्र अध्याय नाहींत. माधवानें ते दिले. मसूरिका सुश्रुतांत क्षुद्ररोगांच्या गर्दींत बसलेली आहे. माधवानें तिला उठवून स्वतंत्र प्रकरण दिलें, व तिच्याच जवळ रोमांतिका, म्हणजे आपला गोवर, ठेविली. कोणता रोग वेगळा मानावयाचा, हा निर्णय संग्राहकाचा नसतो, शास्त्रकाराचा असतो.

हा क्रम किती रुजला हें पुढील ग्रंथांवरून कळतें. वृंदाचा सिद्धयोग व अकराव्या शतकांतील चक्रपाणिदत्ताचा चिकित्सासंग्रह हे औषधांचे ग्रंथ, पण त्यांचीं प्रकरणें माधवाच्या क्रमावर बसविलेलीं आहेत. माधवाच्या लक्षणांतील शब्दाशब्दांवर वाद घालणारी 'मधुकोश' टीका विजयरक्षितानें अश्मरीप्रकरणापर्यंत लिहिली व उरलेली त्याचा शिष्य श्रीकंठदत्त यानें पुरी केली. ती यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या संपादनानें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापली गेल्यानें आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. ग्रंथकाराच्या काळाचा पुरावा तर बाहेरून आला आहे. अली इब्न रब्बन अत्-तबरी यानें इ. स. ८५० मध्यें 'फिर्दौस-उल-हिक्मत' हा अरबी ग्रंथ पुरा केला. त्याच्या शेवटच्या भागांत हिंदुवैद्यकाचा सारांश असून चरक, सुश्रुत व अष्टांगहृदय यांच्या जोडीस 'निदान' आहे. माधवानें वाग्भटाचे श्लोक घेतले म्हणून तो वाग्भटाच्या पाठीमागचा. तबरीच्या हातीं त्याचा ग्रंथ पडला म्हणून तो त्याच्या पूर्वींचा. यामुळें इ. स. ७०० च्या आसपास त्यास ठेवण्याचा प्रघात आहे, व तो योग्य दिसतो.

पोथ्या जमविणारांस उपयोगी पडेल अशी एक गोष्ट येथें सांगून ठेवितों. माधवानें ग्रंथाच्या शेवटीं आपल्या रोगांची श्लोकबद्ध अनुक्रमणी दिलेली आहे. पोथींत एखादा रोग असेल व अनुक्रमणींत नसेल, तर तें पान मागाहून शिरलेलें समजावें. परंतु असें पान कुचकामाचें म्हणून टाकूं नये. उलट तेंच आधीं वाचावें. कारण जुन्या यादींत न मावणारा रोग पुढें आल्यावर वैद्यांनीं काय केलें, तें अशाच पानांवरून समजतें. स्नायुक हा असा एक रोग. त्याचें वर्णन वृंदाच्या सिद्धयोगांत येतें. हाच आपला नारू. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरणाऱ्या गांवांनीं त्याचा त्रास पिढ्यानुपिढ्या सोसला. भारतांतील शेवटचा रोगी इ. स. १९९६ मध्यें आढळला व इ. स. २००० मध्यें देश नारूमुक्त ठरला. आजच्या विद्यार्थ्यांस नारू म्हणजे काय हें समजावून सांगावें लागतें, आणि ही आनंदाचीच गोष्ट होय.

दुसरा रोग फिरंग. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें भावप्रकाशांत त्याचें वर्णन केलें. फिरंग्यांच्या देशांत तो फार म्हणून त्याचें नांव फिरंग, व त्यांच्या संसर्गानें तो जडतो, असें त्यानें स्पष्ट म्हटलें आहे. नांव देशावरून घेतलें, पण मांडणी मात्र जुनीच ठेविली: बाह्य, आभ्यंतर व उभय असे प्रकार केले आणि रोग आगंतुक असला तरी पुढें दोषांचा संबंध येतो असें सांगून त्यास त्रिदोषाच्या घरांत बसविलें. येथें विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, भावमिश्रासमोर 'उपदंश' हें जुनें नांव तयार होतें. सुश्रुतांत तें आहे, माधवांत त्याचें प्रकरण आहे. तरी त्यानें नव्या रोगास तें दिलें नाहीं; उपदंश वेगळा ठेविला व फिरंग वेगळा केला. पुढें मराठींत कोशकारांनीं व डॉक्टरांनीं सिफिलिस या रोगास उपदंश म्हणावयास सुरुवात केली व तो शब्द रूढ झाला. त्याचा परिणाम असा कीं, सुश्रुतांत उपदंश वाचून 'हा रोग पोर्तुगीजांच्या पूर्वींही येथें होता' असें सिद्ध करूं पाहणारे लोक आम्हांस भेटले आहेत. चारशें वर्षांपूर्वींच्या वैद्यानें जी दोन नांवें निक्षून निराळीं ठेविलीं, तीं आपण एक करावयाचीं व त्यांतून इतिहास काढावयाचा, हा न्याय विलक्षण आहे.

लोकांच्या तोंडचीं नांवें याहून चंचल असतात. आमच्या हातून घडलेली दुसरी चूक येथें कबूल करितों. एका घरगुती कागदांत एक तरुण पुरुष 'मोडशी होऊन' दोन दिवसांत वारल्याचा उल्लेख होता. त्यावर आम्हीं टीप दिली कीं, मोडशी म्हणजे अपचन, तेव्हां मृत्यूचें खरें कारण लेखकानें लपविलें असावें. आमच्या घरीं पावसाळ्यांत पोट बिघडलें म्हणजे आजी मोडशी झाली म्हणत असे व सुंठ उगाळून देत असे. त्यापलीकडे आमची मजल गेली नाहीं. पुढें गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ पाहण्यांत आला. हा गृहस्थ अनेक वर्षें गोव्यास होता, व त्याचे औषधींविषयींचे संवाद गोव्यांतच इ. स. १५६३ मध्यें छापले गेले. त्यांत त्यानें उलट्या व जुलाब होऊन थोड्याच वेळांत माणसास नेणाऱ्या एका भयंकर रोगाचें वर्णन केलें आहे. युरोपांतील वैद्य ज्यास पित्ताचा 'कॉलेरिका पासिओ' म्हणतात तो हाच, येथील लोक यास मोर्शी अशासारखें नांव देतात, पोर्तुगीज त्याचा अपभ्रंश 'मोर्देशी' करितात व अरब त्यास 'हैझा' म्हणतात, असा त्याचा आशय. ही मोडशीच, यांत संशय नाहीं. मोडणें या धातूपासून हा शब्द निघाला आहे. पुढें फ्रेंचांनीं 'मोर्देशी' ऐकून त्याचें 'मोर द शियें', म्हणजे कुत्र्याचें मरण, असें करून टाकलें, व तो अपभ्रंश युरोपांत पुष्कळ दिवस चालला. म्हणजे सोळाव्या शतकांत कोंकणपट्टींत जो शब्द ऐकून माणसें हादरत, तो आमच्या आजीच्या काळीं सुंठीच्या कुड्यावर आला होता. त्या घरगुती कागदाच्या लेखकानें कांहीं लपविलें नव्हतें. त्यानें उघड लिहिलें होतें. आम्हांस वाचतां आलें नाहीं.

मग मोडशी म्हणजेच विषूचिका व विषूचिका म्हणजेच कॉलरा, असें समीकरण मांडावें काय? तेंही सरळ नाहीं. माधवानें विषूचिका अजीर्णाच्या प्रकरणांत घातली आहे. मूर्च्छा, अतिसार, वांति, तहान, शूल, पायांत गोळे हीं लक्षणें जुळतात. पण वायु सुयांनीं टोंचल्याप्रमाणें वेदना करितो यावरून नांव आलें, आणि कारण खाण्यांतील असंयम. एका माणसापासून गांवभर पसरणाऱ्या सांथीची कल्पना त्या लक्षणांत नाहीं. इ. स. १८१७ मध्यें जेसोर येथून सांथ उठून देशभर पसरली, व इ. स. १८८४ मध्यें कलकत्त्यास रॉबर्ट कॉख यानें त्या रोगाचे जंतु दाखविले. त्यानंतर 'कॉलरा' या शब्दाचा अर्थ अमुक जंतूनें होणारा रोग असा आवळला गेला. विषूचिकेची व्याख्या लक्षणांवरून, कॉलऱ्याची जंतूवरून. दोन वर्तुळें पुष्कळ भागांत एकमेकांवर येतात, पण तीं एक नव्हेत. पटकी, जरीमरी, महामारी हीं मराठी नांवें तर तिसऱ्याच तऱ्हेचीं. पटकींत मरणाचा वेग आहे, जरीमरी देवताही आहे व रोगही आहे, आणि महामारी या शब्दांत रोग कोणता यापेक्षां माणसें किती मेलीं हेंच सांगितलेलें असतें.

आतां इतिहासांतील दोन प्रसिद्ध मृत्यु घेऊं. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें क्षयानें वारले, असें आपण सर्वजण शिकलों व शिकविलें. अलीकडील पुस्तकांत त्या जागीं सरळ 'टी. बी.' छापलेलें असतें. माधवकराचें राजयक्ष्मप्रकरण उघडून पाहावें. वेगरोध, क्षय, साहस व विषमाशन अशीं त्याचीं चार कारणें. लक्षणें तीन, सहा किंवा अकरा. त्याच प्रकरणांत शोकानें होणारा शोष, मार्ग चालून होणारा शोष, म्हातारपणाचा शोष व छातीच्या जखमेचा उरःक्षत हेही येतात. क्षयाच्या जंतूचा शोध इ. स. १८८२ चा. तेव्हां क्षय म्हटल्यानें शरीर झिजत गेलें, ताप व खोकला होता, एवढें निश्चित, पुढचें अनुमान. तें अनुमान पेशव्यांच्या बाबतींत बरोबर असण्याचा संभव पुष्कळ आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु अनुमान व पुरावा हीं एकाच शाईनें छापूं नयेत.

दुसरा प्रसंग शिवछत्रपतींच्या निधनाचा, चैत्र शुद्ध पौर्णिमा शके १६०२, म्हणजे ३ एप्रिल १६८०. सभासद ज्वराची व्यथा म्हणतो. मुंबईकर इंग्रजांच्या पत्रांत रक्ताची हगवण लिहिली आहे. या दोन विधानांत विरोध आहे असें समजून त्यावर पुष्कळ शाई खर्च झालेली आहे, व त्या विरोधाच्या फटींतून नाना तर्कही शिरले आहेत. आमच्या मतें येथें विरोध मुळींच नाहीं. ज्वर हा आमच्या यादींतला पहिला रोग, सर्व रोगांचा राजा. प्राणी ज्वरासह जन्मतात व ज्वरासहच मरतात, असा चरकाचा सिद्धांत आहे. त्या परंपरेंत वाढलेल्या लेखकानें मोठ्या पुरुषाच्या अंतकाळीं ज्वर म्हणावा हें साहजिक आहे, आणि ज्वर म्हटल्यानें अतिसार नाकारला जात नाहीं. चक्रपाणिदत्तानें ज्वरानंतर लगेच ज्वरातिसार म्हणून निराळें प्रकरणच लिहिलें आहे. इंग्रज व्यापाऱ्याची यादी वेगळी. तो ऐकलेल्या बातमींतून जें ठळक, तेवढें उचलतो. दोघांनीं एकाच दुखण्याचें एकेक टोंक धरलें असें मानण्यास कांहीं हरकत दिसत नाहीं. हा आमचा तर्क आहे, निर्णय नव्हे. पण ज्यांस दोहोंपैकीं एकास खोटें पाडावयाचें आहे, त्यांनीं आधीं या दोन याद्या पाहाव्या.

नांवांचा हा घोळ आपल्याकडचाच आहे असें मात्र कोणी समजूं नये. युरोपांतही एकाच रोगानें मेलेल्या माणसाची नोंद गांवोगांव निरनिराळ्या नांवानें होत असे, व त्यामुळें एका देशाचे मृत्यूचे आंकडे दुसऱ्याशीं ताडून पाहणें अशक्य होई. पॅरिसच्या गणतीखात्याचा प्रमुख जाक बर्तियाँ यानें इ. स. १८९३ मध्यें शिकागो येथील सभेपुढें मृत्यूच्या कारणांची एक समान यादी मांडली. तिची सहावी आवृत्ति इ. स. १९४८ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें हातीं घेतली, अकरावी इ. स. २०१९ मध्यें मान्य होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. तेरा शतकांपूर्वीं माधवानें एका विद्येपुरतें जें केलें, तें येथें सर्व देशांसाठीं करण्याचा प्रयत्न आहे.

आपल्या विषयाशीं या यादीचा संबंध असा कीं, आयुर्वेद, सिद्ध व यूनानी यांतील रोगनामांस तींत जागा मिळाली आहे. भारत सरकारनें इ. स. २०१७ मध्यें या तिन्ही वैद्यकांतील संज्ञा एकत्र करून त्यांस संकेतांक दिले, व जानेवारी २०२४ मध्यें दिल्ली येथें जागतिक यादीचा त्यासंबंधींचा भाग प्रसिद्ध झाला. आम्ही तो उत्सुकतेनें पाहिला, आणि खरें सांगावयाचें तर राजयक्ष्म्याच्या पुढें 'टी. बी.' लिहून मोकळे झाले असतील अशी आम्हांस धास्ती होती. तसें झालेलें नाहीं. हीं नांवें जंतुरोगांच्या प्रकरणांत मिसळून न टाकतां पारंपरिक वैद्यकाच्या सव्विसाव्या प्रकरणांत स्वतंत्र ठेविलेलीं आहेत. एकाच रोग्याच्या नोंदींत दोन्ही याद्यांतील नांवें शेजारीं शेजारीं लिहितां येतात, पण एक दुसऱ्याच्या जागीं बसत नाहीं. आणि पारंपरिक वैद्यकाचें प्रकरण मृत्यूचें कारण मोजण्यासाठीं वापरावयाचें नाहीं, असाही दंडक आहे. ज्यांचें कामच समीकरणें मांडण्याचें, त्यांनीं एवढा संयम राखला. इतिहासलेखकांस तो राखण्यास हरकत नसावी.

परंतु मराठी नांवांची यादी अद्याप कोणींच केलेली नाहीं, व ती करण्याचें साधन संग्राहकांच्या कपाटांतच आहे. देवी, गोवर, कांजिण्या हीं नांवें आज ठरून गेलीं आहेत; पण भावमिश्र ज्या मसूरिकेस शीतला म्हणून देवीचें स्तोत्रही सांगतो, तिच्या किती प्रकारांस कोणत्या प्रांतांत देवी म्हणत व किती प्रकारांस गोवर म्हणत, हें वैद्यांच्या समासांतील शेऱ्यांवांचून कळावयाचें नाहीं. देवीचा रोग जगांतून गेल्याचें इ. स. १९८० मध्यें जाहीर झालें, तेव्हां आतां रोग्यांस पाहून शब्दाची पारख करण्याची वाटही उरली नाहीं.

आमच्या बाडांतील उरलेले शेरे लावून झाले आहेत. विषूचिकेसमोर 'मोडसी' स्पष्ट आहे. रोमांतिकेसमोर 'गोव' एवढेंच राहिलें आहे. आमवातासमोर दोन शब्द होते. पहिला कापला गेला व दुसरा 'वारें' असा लागतो. अर्शाच्या पानावर शेरा होता असें शाईच्या ठिपक्यावरून दिसतें, पण अक्षर एकही नाहीं. ही यादी पुढील अंकीं देण्याचा विचार आहे. ज्यांच्या संग्रहीं निदानाचीं, भावप्रकाशाचीं किंवा शार्ङ्गधराचीं समासांत मराठी शेरे असलेलीं पानें असतील, त्यांनीं शेऱ्याचा शब्द, तो कोणत्या श्लोकासमोर आहे, अक्षराचें वळण व बाड कोणत्या प्रांतांतून आलें हीं चार टिपून पाठविलीं तर तीं त्याच यादींत नांवनिशीवार घालूं. बाड बांधावयास द्यावयाचें असल्यास कडा तशाच ठेवाव्या.